एचपीएलसी न हाताळलेल्या उमेदवाराने मुलाखतीत काय सांगावे?

कळव्याहून एका तरुण वाचक भगिनीचे पत्र आले आहे. त्याचा सारांश असा:

‘रसायनशास्त्रात बी.एस्सी. केल्यावर गेली दोन वर्षे मी वागळे इस्टेटमधील एका पाणी व सांडपाणी तपासणी प्रयोगशाळेत काम करते. प्रयोगशाळा एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यताप्राप्त आहे. मला औषध कंपनीच्या क्यूसी (गुणवत्ता नियंत्रण) विभागात जायचे आहे. महापे, रबाळे आणि तळोजा येथे मुलाखती दिल्या. प्रत्येक ठिकाणी सुरुवात बरी होते, पण “एचपीएलसीवर काम केले आहे का?” (म्हणजे मिश्रणातील घटक वेगळे करून मोजणारे यंत्र) असे विचारले की मी “नाही” म्हणते आणि तिथेच सगळे संपते. इंग्रजी बोलताना अडखळते. एका ठिकाणी लग्नाचा विचार कधी आहे असे विचारले, तेव्हा काय बोलावे ते सुचले नाही. मैत्रीण म्हणते, बायोडेटात एचपीएलसी येते असे लिहून टाक. आमच्याकडे एकदा सीओडीच्या (सांडपाण्यातील प्रदूषण मोजणाऱ्या चाचणीच्या) ब्लँकला लागणारे एफएएस अचानक कमी झाले होते. द्रावणे, काचसामान सगळे तपासून शेवटी डिस्टिल्ड वॉटरच्या नव्या कॅनमध्ये दोष आहे हे मी शोधले. पण असल्या गोष्टी मुलाखतीत सांगण्यासारख्या नसतात ना? इतरांपेक्षा वेगळे दिसण्यासाठी काय करावे, आणि पगार किती मागावा?’

सप्रेम नमस्कार.

औषध कंपन्यांच्या गुणवत्ता विभागात मी बरीच वर्षे काम केले आणि उमेदवार निवडणाऱ्यांच्या बाजूलाही बसले आहे. तुमचे पत्र वाचताना वाटले, की तुम्हाला इतरांपेक्षा वेगळे दाखवू शकेल अशी एकच गोष्ट या पत्रात आहे आणि नेमकी तीच तुम्ही संकोचाने शेवटी लिहिली आहे. ब्लँकची ती हकीकत तुम्ही आजवर एकाही मुलाखतीत सांगितलेली नाही, असे मी धरून चालते. इंग्रजी, लग्नाचा प्रश्न आणि पगार यांविषयी पुढे लिहिणारच आहे, पण आधी ही हकीकत घेऊ, कारण तुमच्या तयारीचा मोठा भाग तिच्याभोवती उभा राहणार आहे.

अन्य वाचकांसाठी थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. सीओडी चाचणीत सांडपाण्यातील सेंद्रिय द्रव्ये डायक्रोमेटने ऑक्सिडाइझ करतात आणि उरलेले डायक्रोमेट फेरस अमोनियम सल्फेटने, म्हणजे एफएएसने, मोजतात. नमुन्याऐवजी शुद्ध पाणी घेऊन हीच चाचणी केली की तो ब्लँक. ब्लँकला एफएएस कमी लागू लागले, याचा अर्थ एक तर एफएएसची तीव्रता बदलली, किंवा डायक्रोमेट चुकले, किंवा ज्या पाण्यात काहीच असायला नको त्यात डायक्रोमेट खाणारे काहीतरी आले. तुम्ही एफएएसचे पुन्हा स्टँडर्डायझेशन केलेत, द्रावणे आणि भांडी पाहिलीत, आणि एकेक शक्यता बाद करत पाण्याच्या कॅनपर्यंत पोहोचलात. ब्लँकचा आकडा उतरला की नमुन्यांचा सीओडी खऱ्यापेक्षा कमी दिसतो. म्हणजे दोष लक्षात आला नसता तर एखाद्या कारखान्याचे घाण पाणी कागदावर स्वच्छ ठरले असते.

आता औषध कंपनीच्या क्यूसीत काय चालते ते पाहा. एखाद्या बॅचचा निकाल ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला की त्याला ओओएस म्हणतात आणि त्याची चौकशी आधी प्रयोगशाळेत सुरू होते: उपकरण ठीक होते का, स्टँडर्ड बरोबर तयार झाले होते का, गणितात चूक आहे का, तयार द्रावणे अजून टाकून दिलेली नाहीत ना. प्रयोगशाळेत कारण सापडले नाही तरच चौकशी उत्पादन विभागाकडे जाते. कारण न शोधता, निकाल ‘पास’ येईपर्यंत पुन्हापुन्हा चाचणी करणे हा या क्षेत्रातील गंभीर दोष समजला जातो. अमेरिकेच्या एफडीएने या विषयावर २००६ मध्ये मार्गदर्शिका काढली आणि २०२२ मध्ये ती सुधारली. अमेरिकेला माल पाठवणाऱ्या आपल्याकडील कंपन्यांत ती पाळावीच लागते. तुम्ही वागळे इस्टेटमध्ये जे केलेत त्यामागचा विचार हाच आहे. उपकरण वेगळे होते, नियमांचे पुस्तक वेगळे होते, पण संशयास्पद आकड्यासमोर बसून तो लपवायचा की त्याचा माग काढायचा, हा निर्णय तुम्ही योग्य घेतलात. क्यूसी व्यवस्थापकाला उमेदवारात हीच वृत्ती हवी असते आणि बायोडेटावरून तिचा पत्ता लागत नाही.

तुमच्या मुलाखतींत ही वृत्ती समोर का आली नाही, याचे एक कारण मुलाखतींच्या पद्धतीतही आहे. फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर यांनी कर्मचारी निवडीवरील पंच्याऐंशी वर्षांच्या संशोधनाचा आढावा १९९८ मध्ये प्रसिद्ध केला, आणि पॉल सॅकेट व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये अशा अभ्यासांतील आकडे नव्याने तपासले. सर्वांना तेच ठरावीक प्रश्न विचारून उत्तरांना गुण देत घेतलेली मुलाखत, गप्पांच्या ओघात घेतलेल्या सैल मुलाखतीपेक्षा उमेदवाराच्या पुढील कामगिरीचा बराच चांगला अंदाज देते, हे दोन्ही ठिकाणी दिसले. आपल्या एमआयडीसीतील मध्यम आकाराच्या कंपन्यांत मात्र मुलाखती बहुधा सैलच असतात. घेणारे गृहस्थ शॉप फ्लोअरवरून धावत आलेले असतात, बायोडेटा त्यांनी तिथेच पहिल्यांदा उघडलेला असतो आणि ‘स्वतःबद्दल सांगा’ हा प्रश्न ते स्वतःला दोन मिनिटे वाचायला मिळावीत म्हणूनही विचारतात. अशा वेळी योग्य प्रश्न येईल याची वाट पाहणारा उमेदवार मागे पडतो. आपले काम आपणच टेबलावर ठेवावे लागते.

म्हणून पहिली तयारी प्रश्नोत्तरांची नको, कामाच्या उजळणीची हवी. एक वही घ्या आणि या दोन वर्षांत केलेल्या चाचण्या लिहून काढा; प्रत्येकीपुढे ती कशाने होते, कुठे चुकू शकते, चुकली हे कसे कळते आणि तुमच्या हातून ती कधी चुकली किंवा वाचली, हे लिहा. सीओडीत मर्क्युरिक सल्फेट का घालतात, हे तुम्हाला सवयीने माहीत असेल; पण ‘क्लोराईडमुळे आकडा फुगू नये म्हणून’ हे कारण एका वाक्यात, न अडखळता सांगता येते का ते पाहा. बीओडी (सूक्ष्मजीव वापरतात त्या ऑक्सिजनवरून प्रदूषण मोजण्याची चाचणी) आपण सत्तावीस अंशांवर तीन दिवस का ठेवतो आणि परदेशी पुस्तकात वीस अंशांवर पाच दिवस का असतात, हे कोणी विचारले तर गोंधळ होऊ नये. एनएबीएलमुळे तुमच्याकडे आयएसओ १७०२५ ची, म्हणजे चाचणी प्रयोगशाळांच्या आंतरराष्ट्रीय मानकाची, शिस्त आहे: तराजूची रोजची तपासणी, पीएच मीटरचे बफर, ड्युप्लिकेट नमुने, कंट्रोल चार्ट, प्रोफिशियन्सी टेस्टिंगमधील (एकच नमुना अनेक प्रयोगशाळांनी तपासण्याच्या चाचणीतील) झेड स्कोअर, म्हणजे आपला निकाल मान्य मूल्यापासून किती दूर आहे त्याचे माप. तुमच्या प्रयोगशाळेचा झेड स्कोअर उणे दोन ते अधिक दोनच्या आत आला असेल आणि ती चाचणी तुम्ही केली असेल, तर ती सांगण्याजोगीच बाब आहे. ऑडिटरने तुमच्या टेबलापाशी येऊन प्रश्न विचारले असतील तर तेही लिहा. या वहीतून तीन हकीकती निवडा: एक बिघाड शोधल्याची, एक वेळेचा ताण सांभाळल्याची आणि एक स्वतःची चूक वेळीच नोंदवल्याची. तिसरी निवडायला उमेदवार कचरतात. पण ‘तुमच्या हातून चूक झाली तर काय कराल?’ हा प्रश्न क्यूसीत हमखास येतो आणि ‘मी चूक करत नाही’ हे त्याचे सर्वांत वाईट उत्तर आहे.

हकीकत सांगताना परिस्थिती एका वाक्यात आटपावी आणि आपण काय केले त्यावर वेळ द्यावा. बहुतेकांचे नेमके उलट होते. शिवाय ‘आम्ही’ कमी आणि ‘मी’ जास्त म्हणावे. आपल्याकडे घरातून मिळालेल्या वळणामुळे हे उद्धटपणाचे वाटते, परंतु समोरच्याला सगळ्या प्रयोगशाळेला नव्हे, तुम्हाला नोकरी द्यायची आहे. वरिष्ठांनी मदत केली असेल तर तेही सांगा. त्याने तुमचे श्रेय घटत नाही. एक पथ्य मात्र पाळा: कोणत्या कारखान्याचा नमुना होता ते नाव घेऊ नका, आणि जुन्या कामाच्या रिपोर्टच्या प्रती दाखवायला तर नेऊच नका. ग्राहकाची गुप्तता इथे मोडणारी व्यक्ती आपल्याकडे आल्यावरही तेच करील, एवढा हिशोब समोरच्यांना कळतो.

आता तो अडलेला प्रश्न. ‘एचपीएलसीवर काम केले आहे का?’ याला ‘नाही’ हे उत्तर खरे आहे आणि ते द्यायचेच आहे, पण ते ‘नाही’पाशी थांबता कामा नये. साधारण असे सांगता येईल: ‘स्वतंत्रपणे काम केलेले नाही. तत्त्व आणि सिस्टिम सुटेबिलिटी अभ्यासली आहे. माझे आजचे काम टायट्रेशन आणि स्पेक्ट्रोफोटोमीटरवर चालते. गेल्या वर्षी आमच्या सीओडीच्या ब्लँकमध्ये फरक दिसला, तेव्हा मी असे केले...’ आणि मग ती हकीकत. यात लपवाछपवी नाही, आणि समोरच्याला पुढचा प्रश्न तुमच्या परिचयाच्या जागेवर विचारण्याची वाट मिळते.

पण सिस्टिम सुटेबिलिटी, म्हणजे चाचणीआधी यंत्रणा ठीक चालते का याची तपासणी, ‘अभ्यासली आहे’ हे शब्द खरे ठरवावे लागतील, आणि त्यासाठी दोन-तीन आठवड्यांच्या संध्याकाळी पुरतील. मोबाइल फेज (यंत्रातून वाहणारे द्रावक) गाळून त्यातील हवा का काढतात, रिटेन्शन टाइम (घटक बाहेर पडायला लागणारा वेळ) सरकू लागला तर कोणती कारणे शोधावीत, पीक मागे शेपटीसारखे लांबले तर काय पाहावे, टेलिंग फॅक्टर साधारणपणे दोनच्या आत का हवा, स्टँडर्डच्या पाच इंजेक्शनांतील आरएसडी (निकालांतील विखुरण) दोन टक्क्यांच्या आत असण्याची अट कशासाठी, एलओडी (ओळखता येणारी किमान मात्रा) आणि एलओक्यू (मोजता येणारी किमान मात्रा) यांसाठी सिग्नल आणि नॉइजचे प्रमाण अनुक्रमे तीनास एक आणि दहास एक का धरतात, कॅलिब्रेशन आणि व्हॅलिडेशन यांत फरक काय. पदवीच्या पुस्तकात हे निम्मेअधिक आहेच. याच्या जोडीला नोंदी ठेवण्याचे नियम वाचा, ज्यांना या क्षेत्रात सगळे ‘अल्कोआ’ म्हणून ओळखतात: नोंद कोणी केली ते कळावे, ती वाचता यावी, काम करतानाच केलेली असावी, मूळ असावी आणि अचूक असावी. चिठ्ठीवर वजन लिहून नंतर वहीत उतरवण्याची सवय अनेक लहान प्रयोगशाळांत असते. औषध कंपनीत त्यावर कारवाई होते, हे तुम्हाला आधीच ठाऊक आहे असे दिसले पाहिजे. ठाण्यात किंवा नवी मुंबईत एचपीएलसीचे छोटे प्रशिक्षणवर्ग घेणाऱ्या संस्था आहेत. अशा वर्गाला जायला माझा विरोध नाही, पण पैसे भरण्याआधी एका तुकडीत किती जण आणि प्रत्येकाला यंत्रावर स्वतः किती तास मिळतात एवढे विचारा. उत्तर गुळमुळीत मिळाले तर ते पैसे वाचवा.

मैत्रिणीचा सल्ला ऐकू नका. नैतिकतेचा मुद्दा बाजूला ठेवला तरी तो व्यवहारातही टिकत नाही. ‘एचपीएलसी येते’ असे लिहिलेल्या उमेदवाराला दुसरा प्रश्न येतो तो कोणता कॉलम वापरला, कोणते सॉफ्टवेअर, शेवटची समस्या कोणती आली. आणि तिसऱ्या प्रश्नापर्यंत खोटे उघडे पडलेले असते. त्यानंतर उमेदवाराने सांगितलेल्या खऱ्या गोष्टींवरही कोणी विश्वास ठेवत नाही. नोकरीच्या तारखा वाढवून सांगण्याचेही तसेच. यूएएन या कायमस्वरूपी खातेक्रमांकामुळे भविष्य निर्वाह निधीच्या नोंदीत तुम्ही कोणत्या आस्थापनेत कधीपासून कधीपर्यंत होतात हे दिसते आणि पार्श्वभूमी पडताळणीत ते पाहिले जाते. आधीच्या पगाराचा आकडा फुगवला तर पगारपत्रक आणि बँकेचे विवरण मागतात.

कंपनीची माहिती काढण्याबाबत सर्वजण संकेतस्थळ वाचतात आणि स्थापनेचे साल पाठ करून येतात, ज्याचा कोणालाही उपयोग नसतो. तुम्ही सांडपाण्याच्या क्षेत्रातून येत असल्याने तुमच्या हाती याहून चांगली साधने आहेत. केंद्र सरकारच्या परिवेश संकेतस्थळावर पर्यावरण मंजुरीचे अर्ज पाहता येतात आणि त्यांत कारखाना कोणती उत्पादने किती प्रमाणात बनवतो ते दिलेले असते. बँकेचे कर्ज असलेल्या अनेक मध्यम कंपन्यांचे पतमानांकन क्रिसिल, इक्रा किंवा केअर या संस्था करतात आणि त्याची कारणमीमांसा त्यांच्या संकेतस्थळांवर उघड असते. उलाढाल, निर्यातीचा वाटा, नवा प्रकल्प येतो आहे का, हे सगळे दोन पानांत मिळते. कंपनी गोळ्या बनवते की केवळ कच्चे औषधी द्रव्य, एवढे कळले तरी तयारीची दिशा ठरते: गोळ्यांच्या क्यूसीत डिझोल्यूशनचे (गोळी किती वेळात विरघळते याचे) प्रश्न येणार, कच्च्या द्रव्याच्या क्यूसीत अशुद्धी आणि उरलेल्या द्रावकांचे. शिवाय औषध निर्मितीच्या दर्जाचे नियम सांगणारे सुधारित शेड्यूल एम डिसेंबर २०२३ अखेरीस अधिसूचित झाले, आणि त्याच्या पूर्ततेसाठी लहानमोठ्या सर्वच कारखान्यांना कागदपत्रे आणि प्रयोगशाळांची घडी नव्याने बसवावी लागली. त्यात क्यूसीच्या वाट्याला काय आले हे वाचून गेलात, तर तुमच्या बरोबर बाहेर बसलेल्या उमेदवारांत अशा तुम्ही बहुधा एकट्याच असाल.

इंग्रजीची भीती मी नाकारत नाही, पण तिचे वजन तुम्ही जास्त धरले आहे. रबाळे-तळोज्याच्या कारखान्यांत प्रयोगशाळेतले बोलणे हिंदी, मराठी आणि मोडक्या इंग्रजीच्या मिश्रणातच चालते. इंग्रजी लागते ते मुख्यतः लिहिण्यासाठी. ‘व्यक्तिमत्त्व विकास’ या नावाखाली चालणाऱ्या वर्गांत हस्तांदोलन आणि हसण्याचे प्रकार शिकण्यात पैसे घालवण्याऐवजी निवडलेल्या तीन हकीकती इंग्रजीत लिहून काढा, रसायनशास्त्राच्या एखाद्या मैत्रिणीकडून तपासून घ्या आणि मोठ्याने इतक्यांदा म्हणा की त्यांतील वाक्ये तोंडात बसतील, मात्र पाठांतराचा सूर लागणार नाही. फोनवर स्वतःचा आवाज ध्वनिमुद्रित करून ऐका. पहिल्यांदा ऐकणे कोणालाच आवडत नाही. मुलाखतीत शब्द अडला तर ‘हे मी हिंदीत सांगू का?’ असे विचारायला हरकत नाही. तांत्रिक मुद्दा स्पष्ट असेल तर क्यूसीतील माणूस भाषेवरून अडवत नाही, एवढे मी खात्रीने सांगते. बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या कार्यालयीन पदांची गोष्ट वेगळी आहे, पण तुम्ही तिकडे अर्ज करत नाही.

लग्नाच्या प्रश्नाविषयी. हा प्रश्न विचारणे गैर आहे आणि तो पुरुष उमेदवाराला कोणी विचारत नाही, हेही खरे. तरीही तो येतो, आणि त्या क्षणी वाद घालून नोकरी मिळत नाही. प्रश्नामागे बहुधा दोन शंका असतात: ही मुलगी टिकेल का आणि पाळ्यांना येईल का. उत्तर त्या शंकांना द्या, लग्नाला नको: ‘निदान तीन वर्षे याच क्षेत्रात पक्के काम शिकण्याचा माझा विचार आहे. दुसऱ्या पाळीला माझी तयारी आहे. सुटल्यावर कंपनीची बस कुठपर्यंत येते?’ तयारी नसेल तर तसे आताच सांगा, कारण रात्री अकराला तळोज्याहून कळव्याला पोहोचण्याचा प्रश्न नोकरी लागल्यावर सुटत नाही. रात्रीच्या पाळीसाठी स्त्री कर्मचाऱ्याची संमती आणि तिच्या सुरक्षिततेची, वाहतुकीची व्यवस्था कायद्याने आवश्यक आहे, त्यामुळे बसची चौकशी करणे म्हणजे सवलत मागणे नव्हे. याउपर कोणी खाजगी गोष्टी खोदतच राहिले, तर त्या कंपनीविषयी तुम्हालाही काहीतरी कळलेच.

औषध कंपन्यांच्या वॉक-इन मुलाखती पुष्कळदा रविवारी असतात, आणि रविवारी मेगाब्लॉक असतो. ठाणे-नवी मुंबई ट्रान्स-हार्बर मार्गावर ब्लॉक आहे का ते शनिवारीच पाहून ठेवा. महापे-रबाळ्याला एरवी ठाण्याहून गाडी सोयीची. तळोजा एमआयडीसीसाठी ठाण्याहून पनवेल लोकलने बेलापूरला उतरून तिथून पेंधरपर्यंत मेट्रो मिळते, जी नोव्हेंबर २०२३ पासून सुरू आहे, आणि पुढे रिक्षा करावी लागते. दिवा-पनवेल मार्गावर तळोजा पाचनंद स्थानक आहे, पण त्या गाड्या मोजक्या असल्याने त्यांच्या भरवशावर राहू नये. कारखान्याच्या फाटकावर ओळखपत्र दाखवणे, नोंद करणे, फोन जमा करणे यात वेळ जातो, तेव्हा दिलेल्या वेळेच्या अर्धा तास आधी फाटकाशी असावे. बायोडेटाच्या तीन प्रती, गुणपत्रिका, आधार, पॅन, शेवटच्या तीन महिन्यांची पगारपत्रके आणि छायाचित्रे सोबत ठेवा. मूळ कागदपत्रे दाखवून लगेच परत घ्यावीत. ती ‘जमा’ करायला सांगणाऱ्या कंपनीला नकार द्यावा. आणि मुलाखत, प्रशिक्षण किंवा गणवेश यांच्या नावाखाली कोणीही आगाऊ पैसे मागितले तर ती नोकरी नाही, फसवणूक आहे. पोशाखाबद्दल मला फारसे सांगायचे नाही. साधा, इस्त्री केलेला, चालायला सोयीचा असावा, कारण बरे बोलणे झाले तर ते तुम्हाला प्रयोगशाळा दाखवायला नेतील.

शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचे आहे का?’ असे म्हणतील. पगाराने सुरुवात करू नका आणि ‘काही नाही’ असेही म्हणू नका. ‘नवीन व्यक्तीचे अ‍ॅनालिस्ट क्वालिफिकेशन तुमच्याकडे कसे होते आणि त्याला साधारण किती काळ लागतो?’ (म्हणजे नव्या व्यक्तीला स्वतंत्रपणे चाचणी करू देण्याआधीची पात्रता तपासणी) हा प्रश्न तुमच्या परिस्थितीत अगदी चपखल आहे. त्याचा गर्भितार्थ असा, की आपल्याला शिकावे लागणार हे तुम्हाला मान्य आहे आणि शिकण्याची रीत तुम्हाला माहीत आहे. उत्तरावरून कंपनीचाही अंदाज येतो. जिथे ‘पहिल्या दिवसापासून काम सुरू’ असे अभिमानाने सांगतात, तिथे प्रशिक्षणाच्या फाइली कशा भरल्या जातात याचा विचार करावा.

पगाराचा आकडा सांगताना वार्षिक सीटीसी (कंपनीचा तुमच्यावरील एकूण खर्च) आणि हातात येणारी रक्कम यांची गल्लत होऊ देऊ नका. महिन्याला पंचवीस हजार, म्हणजे वर्षाला तीन लाख सीटीसी, आणि मूळ वेतन साडेबारा हजार धरले तर कंपनीच्या भविष्य निर्वाह निधीचे १,५०० रुपये आणि ग्रॅच्युइटीचे सुमारे ६०० रुपये सीटीसीतच मोजलेले असतात, आणि तुमच्या वाट्याचे १,५०० रुपये आणखी कापले जातात. हातात साधारण २१,४०० रुपये येतात. बोनस किंवा विम्याचा हप्ता सीटीसीत धरला असेल तर त्याहूनही कमी. महाराष्ट्रात दरमहा पंचवीस हजारांपर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना व्यवसाय कर एप्रिल २०२३ पासून लागत नाही, तेवढी एक वजावट वाचते. आज हातात किती येतात ते लिहून काढा, प्रवासाचा वाढणारा खर्च आणि वेळ त्यात मिळवा, आणि त्यावर तुम्हाला समाधान वाटेल असा आकडा एकाच वाक्यात, कारणमीमांसा न करता सांगा. बस आणि कँटीन फुकट असेल तर थोडे कमी घ्यायला हरकत नाही, कारण क्षेत्र बदलताना पहिली उडी पगाराची नसून अनुभवाची असते, आणि एचपीएलसीवरील दोन वर्षांनंतर बोलणी करण्याची तुमची जागाच बदललेली असेल.

मुलाखत संपल्यावर परतीच्या गाडीतच विचारलेले प्रश्न वहीत उतरवून काढा. घरी पोहोचेपर्यंत निम्मे विसरतात. आठवड्याभरात उत्तर आले नाही तर एचआरला एकदा ईमेल करा, एकदाच. होकार तोंडी आला तरी सध्याच्या नोकरीचा राजीनामा लेखी नियुक्तीपत्र हातात पडल्यावरच द्या, आणि त्याआधी तुमच्या आत्ताच्या नेमणूकपत्रात नोटिसीचा कालावधी किती लिहिला आहे ते पाहून घ्या, म्हणजे रुजू होण्याची तारीख सांगताना अंदाजाने बोलावे लागणार नाही.